कच्चा आकडा, पक्के माप

दिवाळी सरली की मलकापुरात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. महामार्गाच्या कडेला, जिनिंगच्या फाटकात, बाजार समितीच्या आवारात, जिथे भुईकाटा तिथे रांग. गाडी काट्यावर चढते, इंडिकेटरवरचे लाल आकडे क्षणभर खालीवर होतात, स्थिरावतात आणि पावती निघते : ६,००० किलो. शेतकरी पावती घडी करून खिशात ठेवतो. पेरणीपासून वेचणीपर्यंतचा सगळा खर्च आता या आकड्यातून वसूल व्हायचा असतो. मात्र काट्याखालच्या लोड सेलमधून निघालेला आणि कन्व्हर्टरने मोजलेला आकडा ६,००० नव्हता. तो होता ९,४३,७१८. या दोन आकड्यांमधला रस्ता हाच या पुस्तकाचा विषय आहे.

रस्ता एकदा पायी चालून पाहू. लोड सेल म्हणजे पोलादाचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेज. वजन पडले की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतके दबते, गेजचा विद्युत रोध किंचित बदलतो आणि गेजच्या ब्रिजमधून काही मिलिव्होल्ट बाहेर पडतात. समजा, काट्याला २० टनांचे चार सेल आहेत, म्हणजे एकूण क्षमता ८० टन. ब्रिजला १० व्होल्टचा पुरवठा आहे आणि सेलची संवेदनशीलता, बाजारात सर्रास मिळते तशी, पुरवठ्याच्या व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट आहे. तर ८० टनांना २० मिलिव्होल्ट मिळणार. एका किलोच्या वाट्याला येतो पाव मायक्रोव्होल्ट. पुढे बसलेला २४ बिटांचा कन्व्हर्टर उणे ४० ते अधिक ४० मिलिव्होल्ट एवढ्या पट्ट्याचे १,६७,७७,२१६ सारखे भाग करतो, आणि हाती आलेला विद्युत दाब त्यांतल्या कितव्या भागात पडला ते सांगतो. या हिशेबाने एका किलोला ५२.४२८८ भाग, ज्यांना आपण काउंट म्हणतो. काट्याचा लोखंडी प्लॅटफॉर्मच १२ टनांचा असेल तर गाडी नसतानाही काउंट असतात ६,२९,१४६. गाडी चढली की होतात ९,४३,७१८. वजाबाकी केली, ३,१४,५७२ उरले. त्यांना ५२.४२८८ ने भागले की सहा हजार किलो. काउंटचे माप करणारा हा आकडा म्हणजे या काट्याचा गुणक.

एवढे सोपे असेल तर पुस्तक कशाला, असे कुणी विचारेल. म्हणून याच उदाहरणात जरा थांबू. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ५२.४२८८ च्या जागी सोयीसाठी ५२ धरले, तर तीच गाडी ६,०४९ किलो भरते. इंडिकेटर १० किलोच्या टप्प्याने दाखवत असेल तर पावतीवर ६,०५० छापले जाईल. अर्धा क्विंटल वजन हवेतून आले. ५३ धरले असते तर साठ-पासष्ट किलो हवेत गेले असते. कुणी काटा मारला नाही, कुणाच्या मनात मापात पाप नव्हते, दशांशचिन्हापुढचे चार अंक तेवढे कुणी टाकून दिले.

भुईकाट्याच्या बाबतीत हे फार काळ लपत नाही, कारण तिथे कायदा उभा आहे. २००९च्या वैधमापन कायद्याखाली काट्याची पडताळणी दर वर्षी होते आणि शिक्का लागतो. १० किलोच्या टप्प्याचा मध्यम वर्गाचा काटा ५ ते २० टनांच्या दरम्यान पडताळणीच्या वेळी १० किलोपेक्षा जास्त चुकता कामा नये. ५० किलोची चूक प्रमाणित वजने ठेवताच उघडी पडेल. पण मलकापूरच्या आसपास आज काट्याखेरीज किती आकडे यंत्रातून निघतात ते मोजा. कापसातला ओलावा, सरकीच्या ढिगातले तापमान, जिनिंगच्या मोटारीचा करंट, पाण्याच्या टाकीची पातळी, हवामान केंद्रातला पाऊस, उपग्रहाने टिपलेले पिकाचे हिरवेपण. यांतल्या बहुतेक आकड्यांमागे शिक्का घेऊन येणारा निरीक्षक नाही. तिथे जबाबदारी येते ज्याने गुणक टाकला त्याच्यावर. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे : पॅनेल जोडणारा वायरमन, पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिणारा तरुण, आयटीआय आणि पॉलिटेक्निकची मुले, प्रोजेक्टसाठी बोर्ड घेऊन बसलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. यंत्रातून येणारा कच्चा आकडा हे माप नसते. त्या आकड्याला ठरावीक यंत्राचा, ठरावीक दिवशी पडताळलेला आणि लिहून ठेवलेला संबंध लावला, तर आणि तरच त्याचे माप होते. सूत्र सगळ्यांना येते. पडताळा कुणी घेतला आणि लिहून कुठे ठेवला, एवढे विचारले की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. माझा सगळा आग्रह या दोन प्रश्नांपाशी आहे.

काउंटपासून किलोपर्यंत यायच्या आधी काउंट नीट वाचता यायला हवेत, आणि निम्म्या चुका इथेच होतात. यंत्राकडून येतात ते फक्त बिट. ते उणे-अधिक चिन्हासह वाचायचे की चिन्हाविना, हे बिटांवर लिहिलेले नसते. डीएस१८बी२० हा स्वस्त, छोटा आणि सर्वत्र मिळणारा तापमापक घ्या. त्याचा एक काउंट म्हणजे ०.०६२५ अंश सेल्सिअस. शून्याखाली अर्धा अंश असेल तर तो १६ बिटांत जे पाठवतो ते चिन्हासह वाचले तर उणे ८, चिन्हाविना वाचले तर ६५,५२८. पहिल्याला गुणले तर उणे ०.५ अंश, दुसऱ्याला गुणले तर ४,०९५.५ अंश. मलकापुरात कधी शून्याखाली उतरते, असे म्हणून हे सोडून देऊ नका. शीतगृहात उतरते. आणि भुईकाट्यावर तर दर पावसाळ्यात उतरते : प्लॅटफॉर्मवर चिखल साचलेला असताना कुणी झिरो करतो, चिखल धुतला जातो, आणि रिकामा काटा शून्याखाली जातो. प्रोग्रॅममध्ये चिन्हाची सोय नसेल तर रिकाम्या काट्यावर हजारो किलो उभे राहतात.

याच तापमापकाची आणखी एक सवय ठाऊक हवी. वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप पूर्ण व्हायच्या आत त्याला विचारले तर तो ८५ अंश सांगतो. ते तापमान नसते, चिपमध्ये सुरुवातीला भरून ठेवलेला आकडा असतो. आता सरकीचा ढीग डोळ्यासमोर आणा. ओली सरकी रचून ठेवली की आतून तापते, म्हणून ढिगात तापमापक खुपसून ठेवतात. तार सैल झाली, वीज क्षणभर गेली आणि आली, की ८५ अंश. रखवालदार धावतो, ढीग उपसला जातो, आत काहीच नसते. असे दोन-तीनदा झाले की पुढच्या वेळी खरा ढीग तापला तरी कुणी उठत नाही. प्रोग्रॅममध्ये एक ओळ हवी : सुरू झाल्यानंतरचे पहिले वाचन टाकून द्या, आणि मागच्या वाचनापासून एकदम ८५ वर उडी दिसली तर पुन्हा विचारा.

मॉडबस या यंत्रांच्या संवादपद्धतीत दोन रजिस्टरांतून एक दशांश संख्या येते तेव्हा कोणते रजिस्टर आधी, यावर कंपन्यांचे एकमत नाही. मॉडबस १९७९ मध्ये मोडिकॉन कंपनीने आणला तेव्हा त्यात १६ बिटांचे रजिस्टर होते. ३२ बिटांची संख्या कशी मांडायची ते ज्याने त्याने आपापले ठरवले. २५.० ही संख्या १६,८४० आणि ० अशा दोन रजिस्टरांत बसते. क्रम उलटला की ती शून्याला इतकी जवळ जाते की पडद्यावर ०.०० दिसते, आणि माणूस समजतो सेन्सर बंद आहे. सेन्सर बदलला जातो, नवाही बंदच निघतो.

१०२३ ने भागायचे की १०२४ ने, हा विद्यार्थ्यांचा आवडता वाद आहे. दहा बिटांच्या कन्व्हर्टरसाठी १०२४. एटीमेगा३२८पी या चिपच्या माहितीपत्रकातच तसे सूत्र आहे, कारण पट्ट्याचे भाग १०२४ होतात आणि १०२३ हा शेवटच्या भागाचा फक्त क्रमांक. पण या वादात फरक हजारात एकाचा, आणि त्याच टेबलावर यूएसबीतून येणारे ५ व्होल्ट प्रत्यक्षात ४.७ भरत असतात. तिथे शेकड्यात सहा गेले. हाताशी असलेल्या मल्टिमीटरने आधी संदर्भ व्होल्ट मोजा, मग १०२३-१०२४ वर बोला.

मोठ्या, महाग कार्डांवर चूक वेगळ्या वेषात येते. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या एम सिरीजच्या १६ बिटी कार्डाचा पट्टा उणे १० ते अधिक १० व्होल्ट असा छापलेला असतो. २० ला ६५,५३६ ने भागले तर काउंटमागे ३०५ मायक्रोव्होल्ट येतात. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र ३२० लिहिलेले असते, कारण कार्ड दोन्ही टोकांना सुमारे पाच टक्के जास्त पट्टा घेते. छापील पट्ट्यावरून केलेला भागाकार सरळ पाच टक्क्यांनी खोटा. शिवाय प्रत्येक कार्ड थोडे वेगळे घडते, म्हणून कारखान्यात त्याची पडताळणी करून गुणक त्याच्याच स्मृतीत भरून ठेवलेले असतात, आणि तो नुसता गुणाकारही नसतो. वर्ग आणि घनाची पदे असलेली बहुपदी असते. वेग हवा म्हणून कच्चे काउंट थेट डिस्कवर साठवायचे असतील तर खुशाल साठवा, पण त्याच वेळी त्याच कार्डातून ते गुणक वाचून त्याच फाइलच्या डोक्यावर लिहा. शेजारच्या टेबलावरच्या तशाच कार्डाचे गुणक चालणार नाहीत.

४ ते २० मिलिअँपिअरच्या तारेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या कारखान्यांत सर्वांत जास्त तीच भेटते. १० मीटरची टाकी आहे : रिकामी तेव्हा ४ मिलिअँपिअर, भरलेली तेव्हा २०. शून्याऐवजी चारपासून सुरुवात अशासाठी, की तार तुटली तर करंट शून्यावर जावा आणि तुटलेली तार रिकाम्या टाकीसारखी दिसू नये. सीमेन्सच्या पीएलसीत हा पट्टा ० ते २७,६४८ असा येतो. आता कुणी इनपुट कार्ड चुकून ० ते २० वर लावले. भरलेली टाकी २७,६४८ दाखवते, म्हणजे १० मीटर, अगदी बरोबर. तपासणारा भरलेल्या टाकीवर खूण जुळवतो आणि समाधानाने घरी जातो. रिकामी टाकी मात्र ५,५३० काउंट देते, म्हणजे २ मीटर पाणी. पंप कोरडा चालतो, पडद्यावर दोन मीटर पाणी असते. एका बिंदूवर जुळणारी रेघ कुठल्याही दिशेला जाऊ शकते. तिला पकडायला दुसरा बिंदू लागतोच. आणि हाच टाकीचा धडा धरणाला लावू नये. नळगंगेसारख्या जलाशयात पातळी आणि साठा यांचे नाते सरळ रेघेचे नसते, कारण वर जावे तसे पात्र रुंदावते. तिथे पातळीवरून साठा काढायला सर्वेक्षणाने केलेला तक्ताच लागतो.

या प्रस्तावनेत पावसाला मी जास्त जागा देतो आहे आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईची दारे त्या नोंदीवर उघडतात. स्वयंचलित केंद्रातला पर्जन्यमापक बहुधा झुलत्या पन्हळीचा असतो : आत दोन छोटे पेले झोक्यासारखे बसवलेले, एक भरला की कलंडतो, दुसरा पुढे येतो, आणि प्रत्येक कलंडण्याला एक विद्युत ठोका पडतो. नोंद ठेवणाऱ्या लॉगरला पाऊस दिसत नाही, ठोके दिसतात. एका ठोक्याला किती पाऊस, ते मापकाच्या बनावटीवर अवलंबून. ०.२ मिलिमीटरचे मापक असतात, ०.२५ चे असतात, ०.५ चेही असतात. बाहेरून ते सारखेच दिसतात.

आता समजा, दाताळा किंवा जांभूळधाब्याच्या बाजूला जुलैच्या एका रात्री ७० मिलिमीटर पाऊस पडला. मापक ०.२५ चा, म्हणून ठोके पडले २८०. लॉगरमध्ये गुणक राहिला ०.२. नोंद झाली ५६ मिलिमीटर. शिवारात पाणी उभे आहे, कपाशी पिवळी पडते आहे, आणि कागदावर मंडळात अतिवृष्टी झालेलीच नाही. तलाठ्याकडे, तहसीलमध्ये, सगळीकडे शेतकऱ्याला एकच उत्तर मिळेल : यंत्राने ५६ दाखवले. यंत्राने ५६ दाखवलेलेच नव्हते. यंत्राने २८० ठोके दाखवले होते. ५६ हा माणसाने टाकलेल्या गुणकाचा आकडा होता.

उलटेही होऊ शकते, आणि मग जिथे पाऊस कमी तिथे मदत जाते. तेही तितकेच चूक. शिवाय या मापकाचा संबंध पूर्णपणे सरळ रेघेचा नाही. पेला कलंडत असताना वरून पडणारे पाणी वाया जाते, त्यामुळे धुवाधार सरीत तो थोडे कमीच मोजतो. पावसाच्या तीव्रतेप्रमाणे दुरुस्ती लावावी लागते. तापमानाचेही असेच आहे. केळीच्या पट्ट्यात, इथून पश्चिमेला मुक्ताईनगरपासून पुढे, फळपीक विम्याचे निकष तापमानावर असतात. तिथे एका अंशाची शून्यचूक कुणाच्या तरी घरातली वर्षभराची रक्कम हलवते. ज्याने गुणक टाकला त्याला हे माहीत असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. त्याचे बोट कळपाटावर असते, पण परिणाम शिवारात होतो.

पुढच्या प्रकरणांत शून्यचूक आणि स्पॅनची चूक हे शब्द पुन्हा पुन्हा येतील. झिरो म्हणजे रेघ सुरू कुठे होते. स्पॅन म्हणजे ती किती चढते. पासंग काढला की पहिली चूक जाते, दुसरी जात नाही. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्हींची वजने त्याच भुईकाट्यावर होतात. काट्याचा झिरो ४० किलोंनी सरकलेला असला तरी दोन्ही वजनांत तेच ४० असतात आणि निव्वळ वजनात ते कटतात. गुणकातली चूक मात्र कटत नाही. वरच्या उदाहरणात निव्वळ कापूस ४,००० किलो असेल तर ५२ च्या गुणकाने तो ४,०३३ भरेल.

उपग्रहाच्या आकड्यांत याच्या अगदी उलट घडते. पिकाचे हिरवेपण मोजायला लाल आणि अवरक्त पट्ट्यांतले परावर्तन घेतात, त्यांच्या फरकाला बेरजेने भागतात. हा निर्देशांक गुणोत्तर असल्याने गुणक त्यात कटतो. म्हणून पुष्कळ जण कच्चे आकडेच वापरतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत परावर्तनाला १०,००० ने गुणून आकडा दिलेला असतो. लाल ५००, अवरक्त २,५०० असे आले तर निर्देशांक ०.६७, जोमदार कपाशी. २५ जानेवारी २०२२ पासून या चित्रांच्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक आकड्यात १,००० मिळवले जाऊ लागले. तीच कपाशी आता १,५०० आणि ३,५०० देते. कच्च्या आकड्यांनी निर्देशांक काढला तर ०.४०. ज्याने २०२१ आणि २०२२ चे खरीप असे शेजारी ठेवले, त्याला पीक आजारी पडल्याचे दिसले असणार. इथे गुणक निरुपद्रवी आणि शून्याची जागा घातक. काट्यावर शून्य निरुपद्रवी आणि गुणक घातक. म्हणून कोणती चूक चालेल हे आधीच कुणी ठरवू नये. मोजमाप पुढे कशासाठी वापरले जाणार आहे ते पाहून मगच ते कळते.

कापसाच्या ओलाव्यात तर सरळ रेघच नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव, त्याच्यावर वाढत्या ओलाव्याला कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. दोन दांड्यांचा जो मीटर कापसात खुपसतात तो बहुधा विद्युत रोध मोजतो. ओलावा थोडा वाढला की रोध पटीने घसरतो. ८ ला एक आकडा, १२ ला दुसरा, मध्ये पट्टी धरून रेघ ओढली, तर दोन्ही टोके बरोबर येतील आणि मधला शेतकरी चुकीच्या टक्क्यावर कपात सोसेल किंवा वाचेल. इथे आकड्याचा लॉगॅरिथम घ्यावा लागतो, तापमानाची दुरुस्ती लावावी लागते, आणि कापूस किती दाबून भरलेला आहे यानेही वाचन बदलते हे मोजणाऱ्याला ठाऊक असावे लागते. चार ठिकाणी मोजून सरासरी घ्यायची असेल तर आधी प्रत्येक वाचनाचे टक्के करा, मग सरासरी काढा. कच्च्या आकड्यांची सरासरी काढून टक्के केले तर उत्तर वेगळे येते.

तापमानाचे निघाले म्हणून सांगतो. लोड सेलची भरपाई सामान्यतः उणे १० ते ४० अंशांपर्यंत केलेली असते. आंतरराष्ट्रीय शिफारशीतला पट्टा तोच आहे. मलकापूरचा मे महिना सावलीतच ४० ओलांडतो, आणि उन्हात तापलेल्या लोखंडी प्लॅटफॉर्मखाली काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. जानेवारीत जुळवलेला काटा मेमध्ये दुपारी दोनला पुन्हा एकदा तपासा. कंपनीचे माहितीपत्रक आपल्या गावासाठी छापलेले नसते.

एक जुनी दुर्घटना इथे सांगायलाच हवी, कारण ती निव्वळ गुणकाची आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मारले गेले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश पूर्णांकात मोजत होते, आणि सेकंद काढायला त्या आकड्याला ०.१ ने गुणत होते. ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत कधीच पुरा लिहिता येत नाही. २४ बिटांत बसवताना त्याचे शेपूट तुटले. चूक इतकी बारीक, की एका वाचनात दिसूच नये. यंत्रणा १०० तास सलग सुरू होती. तेवढ्यात घड्याळ ०.३४ सेकंद मागे पडले, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते. कच्चा आकडा बरोबर होता, सूत्र बरोबर होते. गुणक किती अंकांपर्यंत ठेवायचा, आणि तो किती मोठ्या आकड्याला गुणणार आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

मग संबंध बरोबर आहे हे कळायचे कसे? ज्याचे माप आधीपासून माहीत आहे ते यंत्रापुढे ठेवून. दुसरा मार्ग नाही. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या उपकरणांनाही हाच नियम लागू आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतून येणाऱ्या संकेतांचे आकडे होतात, संगणक ते एकमेकांशी जुळवतो, आणि हाती जे येते त्याला स्वतःचे असे एककच नसते. म्हणून निरीक्षणाच्या वेळी दुर्बीण ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांसारख्या स्रोताकडेही वळवतात. यांची तीव्रता किती हे खगोलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजून पक्के केले आहे. त्यांच्याकडून आलेला आकडा आणि त्यांची माहीत असलेली तीव्रता, यांवरून त्या दिवसाचा गुणक निघतो, आणि मग अनोळखी स्रोताचे माप काढता येते. भुईकाट्यावर प्रमाणित वजने ठेवण्याचे तत्त्व वेगळे नाही. यातला ‘त्या दिवसाचा’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे एकदा टाकलेला गुणक पाच-सहा वर्षे तसाच राहतो, मध्ये सेल बदलतो, केबल लांबते, कार्ड जळून नवे येते, तरी गुणक तोच.

लिहून ठेवण्याचे आता बोलतो. मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते मलकापूरजवळच्या नरवेलचे. महानुभाव पंथाच्या पोथ्या त्यांनी आयुष्यभर शोधल्या, वाचल्या, संपादित केल्या. त्यांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिलेल्या. अक्षरे डोळ्यांपुढे असतात, पण लिपीची किल्ली नसेल तर वाचता येत नाहीत. किल्ली लावल्यावरही चांगला संपादक मूळ पाठ टाकून देत नाही. कोणत्या पोथीत काय आहे, आपण काय स्वीकारले, हे तो नोंदवतो, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला पटले नाही तर मुळाकडे परत जाता येते. कच्च्या आकड्यांशी आपण असेच वागले पाहिजे. काउंट फेकून देऊन नुसते किलो ठेवले तर मागे फिरायची वाट बंद होते.

पावसाच्या उदाहरणात हे पाहा. २८० ठोके नोंदलेले असतील, तर चार महिन्यांनी मापक उघडून ०.२५ चा निघाला तरी ७० मिलिमीटर पुन्हा उभे करता येतात आणि मंडळाचा न्याय होऊ शकतो. नुसते ५६ ठेवलेले असतील आणि गुणक ०.२ होता हे लिहिलेले असेल, तरीही भागाकार करून ठोके मिळतात. पण मोसमाच्या मध्ये कुणी येऊन गुणक बदलला आणि तारीख लिहिली नाही, तर त्या वर्षाचा पाऊस कायमचा हरवला. कोणत्या दिवसापर्यंत जुना गुणक आणि कुठून नवा, हे मग कुणीही सांगू शकत नाही.

म्हणून प्रत्येक पॅनेलच्या दारामागे एक वही असावी, साधी, दोरीने बांधलेली. त्यात यंत्राचा आणि सेन्सरचा अनुक्रमांक, चॅनल, पट्टा, झिरो आणि गुणक सर्व दशांशांसह, कोणत्या माहीत मापांनी तपासले आणि प्रत्येकाला कच्चा आकडा किती आला, त्या वेळचे तापमान, तारीख आणि सही. गुणक बदलला तर जुना खोडू नये, त्याच्याखाली नवा लिहावा. संगणकातही तीच शिस्त : कच्च्या आकड्यांचा स्तंभ, मापाचा स्तंभ, आणि कोणत्या तारखेचा गुणक लावला तो स्तंभ. आजकाल डिस्क स्वस्त आहे, तेव्हा जागा वाचवण्यासाठी कच्चे आकडे पुसण्याचे काही कारण उरलेले नाही.

पुस्तकाच्या भाषेबद्दल दोन शब्द. काउंट, झिरो, स्पॅन, रजिस्टर, रेंज हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण पॅनेलपाशी उभे राहून माणसे तेच बोलतात. गणित बारावीच्या पुढे कुठे गेलेले नाही. लॉगॅरिथम येतो तिथे तो पहिल्यापासून समजावला आहे. बारा, सोळा आणि चोवीस बिटांच्या फरकाचे प्रकरण जाणून लहान ठेवले, कारण बिट जास्त म्हणजे माप अचूक हा समज पसरवण्यात मला भागीदार व्हायचे नाही. चोवीस बिटांचा कन्व्हर्टर चुकीच्या गुणकासह चुकीचे माप फक्त अधिक बारीक टप्प्यांनी दाखवतो. चिन्ह, क्रम आणि रजिस्टरांची प्रकरणे कंटाळवाणी वाटली तरी वगळू नका. पुढचे सगळे त्यांच्यावर उभे आहे. ओलावा आणि पाऊस यांची प्रकरणे जिनिंगमध्ये किंवा शेतीत काम करणाऱ्याने आधी वाचली तरी चालतील.

पहिल्या प्रकरणासाठी ५ किलोचा एक छोटा लोड सेल, एचएक्स७११ या कन्व्हर्टरची पट्टी, कोणताही साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आणि शिक्का असलेली १, २ आणि ५ किलोची वजने लागतील. वजने किराणा दुकानातून तासाभरासाठी मागून आणली तरी पुरे, फक्त त्यांच्यावरच्या शिक्क्याची मुदत संपलेली नाही ना ते पाहून घ्या. सेल जोडल्यावर बोर्डाला पंधरा-वीस मिनिटे सुरू राहू द्या, काहीही न ठेवता आलेला आकडा लिहा, मग एका वेळी एकच वजन, आधी चढत्या आणि नंतर उतरत्या क्रमाने ठेवा, आणि दर वेळी पडद्यावर येईल तोच आकडा, भागाकार न करता, वहीत उतरवा.